पुढचे आणि चालता चढ

आमच्या भाऊजींना अख्खा रस्ता ‘पुढचे’ म्हणतो. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक असेल, आणि आम्हालाही ते आठवायला जरा थांबावं लागतं.

या नावाला कारणं दोन. एक तर भाऊजी केस कापतात. एक गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की टॉवेल फटकन झटकायचा आणि बाकाकडे बघून आरोळी द्यायची, “पुढचे!” आरोळी अशी खणखणीत, की शेजारच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभी असलेली माणसंसुद्धा दचकून एक पाऊल पुढे सरकतात. दुसरं कारण म्हणजे हा माणूस जन्मभर पुढचंच बोलत आला. आज काय आहे, भाजी कुठली आहे, चपलेचा अंगठा तुटलाय, याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. सकाळी शटर वर गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं: “वहिनी, पुढे काय होणार आहे माहितीये का?” आणि मी म्हणणार, “आधी झाडू हातात घ्या, मग सांगा.”

आमचं दुकान चढाच्या अगदी माथ्यावर. आत दोन खुर्च्या, एक ह्यांची आणि एक भाऊजींची. दोघे सख्खे भाऊ, पण देवानं दोघांच्या वाटणीचं बोलणं धाकट्यालाच देऊन टाकलं. आमचे हे दिवसभरात चार शब्द बोलले तर मी विचारते, बरं नाही का. खुर्च्यांच्या मागे प्लायवूडचं पार्टिशन आणि पार्टिशनच्या मागे मी, माझं शिलाई मशीन आणि उसवलेल्या कपड्यांचा ढीग. कंबर सैल करा, बाही आखूड करा, चेन बदला, असली कामं माझी. ते पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे पुढे बोललेलं एकूण एक अक्षर माझ्या कानावर येतं. मला न सांगता त्या दुकानात कुणाला साधं शिंकताही येत नाही.

तर भाऊजींचं पुढचं. पुढे म्हणे हवेचीच छत्री निघणार, हातात धरायची भानगड नाही. पुढे भिंती आवाज गिळणार, शेजाऱ्यांची भांडणं ऐकू येणार नाहीत. यावर बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं, “मग करमणूक कशी व्हायची?” एकदा म्हणाले, पुढे एक गोळी येईल, ती घेतली की केस वाढायचेच थांबतील. त्यावर आमच्या ह्यांनी कात्री थांबवली. त्या महिन्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य ते होतं: “मग आपण काय खायचं रे, गोळ्या?”

लग्नाचंही याच्यापायीच फिसकटलं. एका ठिकाणी सगळं जुळत आलं होतं, मुलगी चांगली, हसरी. आणि भाऊजी तिच्या वडिलांना म्हणाले, “पुढे माणसाला नातेवाईक निवडून घेता येतील, आवडले नाहीत तर परत.” ते गृहस्थ चहाचा कप तसाच ठेवून उठले. मी कपाळावर हात मारून घेतला. भाऊजींना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही, की यात रागावण्यासारखं काय होतं.

लोक हसायचे. वाईट हसायचे नाहीत, पण हसायचेच. “पुढचे, आज सकाळी सकाळी काय घेतलंत?” ही ठरलेली थट्टा. मी हसायची नाही, मी भांडायची. पुढे कपडे आपले आपण शिवले जाणार, असं ते म्हणाले की मी पार्टिशनवरून मान वर काढून विचारायची, “आणि मी काय करू? माश्या मारू?” मग ते डोकं खाजवायचे, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती घेऊन यायचे. “वहिनी, कपडे स्वतःच शिवले जातील, पण त्यांना शिकवायला तुम्हीच लागाल.” एकदा मी चिडून म्हटलं, “अहो, तुम्हाला माझ्याशी डोकं लावायचा कंटाळा कसा येत नाही?” तर म्हणतात कसे, “तुम्ही भांडता, म्हणून कळतं की कुणीतरी ऐकलं.” आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं, सांगा.

चालत्या चढाचं निघालं ते ड्रायव्हरकाकांमुळे. काका आमच्या चढाच्या पायथ्याशी राहतात. नोकरीभर त्यांनी याच चढावरून बस चालवली. निवृत्त झाले आणि गुडघे गेले. पूर्वी दर आठवड्याला दाढीला वर यायचे, बाकावर बसून भाऊजींचं पुढचं ऐकायचे. ते बंद झालं, तेव्हापासून भाऊजीच पिशवीत वस्तरा-ब्रश घालून खाली जातात. एक दिवस काका त्यांना म्हणाले, “पुढच्या, अख्ख्या गावाला मी या चढावर चढवलं रे. आता मला चढवणारं कुणी नाही.” भाऊजी वर आले ते पिशवी न ठेवताच पार्टिशनपाशी उभे. “वहिनी, पुढे हा चढच चालणार!”

“चढ चालला तर दुकान कुठे जाईल?” मी म्हटलं. “सकाळी उघडायचं वर आणि बंद करायचं खाली?”

झालं, जुंपली. आठवडाभर भांडलो. शेवटी ठरलं, की सगळा चढ नाही, कडेची एक पट्टी तेवढी चालेल. माणूस नुसता उभा राहील आणि पट्टी त्याला वर आणून सोडेल. पावसात घसरू नये म्हणून खाचा ठेवायच्या, हेही ठरलं. खाचांचं माझं होतं.

आता साहेबांचं सांगते. समोरच्या काचेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसणारे एक मोठे साहेब नेमानं भाऊजींच्याच खुर्चीत केस कापून घेतात. माणूस चांगला, उगाच कशाला खोटं बोलू. पण त्यांनाही हाच रोग. त्यांनाही पुढचंच दिसतं. त्यामुळे दोघांची गट्टी जमली होती. खुर्चीतले साहेब आरशातल्या भाऊजींशी बोलायचे आणि मागचे भाऊजी आरशातल्या साहेबांशी. दोघेही एकसारखेच हवेत तरंगणारे. फरक एवढाच, की भाऊजी म्हणाले “पुढे रस्ते चालतील,” तर बाकावर खसखस पिकायची, आणि तेच साहेब म्हणाले, की तोंडाला फेस लावून डोळे मिटलेलं गिऱ्हाईकही डोळे उघडून म्हणायचं, “विचार करण्यासारखं आहे.” मला गंमत वाटायची. साहेबांचे कोट माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यांच्या कोटाचे खांदे मी उसवून पाहिलेत. आत कापूसच असतो.

मग पालिकेनं मोठ्या सभागृहात एक सभा ठेवली. आपलं शहर पुढे कसं असावं, यावर कुणीही यावं आणि बोलावं. भाऊजींनी ते पत्रक आरशाला चिकटवलं.

“कुणीही म्हणजे आपण नव्हे हो,” मी म्हटलं.

“कुणीही म्हणजे कुणीही, वहिनी. ड्रायव्हरकाकांना शब्द दिलाय मी. म्हटलंय, चढाचं बोलून येतो.”

मग मी कामाला लागले. माझ्या कपाटात एक कोट होता, गिऱ्हाईक टाकून गेलं ते परत आलंच नव्हतं. बाह्या आखूड केल्या, खांद्यात थोडा कापूस भरला. भाऊजी कुरकुरले, “दुसऱ्याचा कोट घालून स्वतःचं कसं बोलायचं?” मी म्हटलं, “गप्प घाला. ऐकून घ्यायच्या आधी लोक खांदे बघतात.” खरं सांगते, त्या दिवशी ते छान दिसत होते. हेसुद्धा म्हणाले, “बरा दिसतोस.”

सभागृह खचाखच भरलं होतं. पहिल्या रांगेत साहेब. मंचावर पालिकेचे एक अधिकारी होते, ते एकेकाला बोलवत होते, आणि बोलवायचा शब्द कोणता, तर “पुढचे!” दर वेळी “पुढचे” म्हटलं की आमचे भाऊजी अर्धवट उठायचे आणि मी कोट धरून खाली बसवायची. मागच्या रांगेतली दोन माणसं आमच्या रस्त्यावरचीच, ती फिदीफिदी हसायला लागली.

शेवटी त्यांची पाळी आली. माईक उंच होता. तो खाली करायला ते अधिकारी वाकले, आणि त्यांचं डोकं आलं बरोबर भाऊजींच्या पुढ्यात. आता जन्मभराची सवय, हात काय विचारून हलतो? भाऊजींनी दोन बोटं त्यांच्या टाळूवर ठेवली, हलकेच दाबली आणि माईकमध्ये म्हणाले, “मान जरा खाली.”

सभागृह कोसळलं. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. अधिकारी लालबुंद. मलाही हसू फुटलं, तेवढ्यात भाऊजींचा चेहरा दिसला आणि ते जागीच विरलं. पण ते थांबले नाहीत. घाम पुसला आणि बोलले. “आमच्याकडे एक चढ आहे. तो चालायला पाहिजे. माणूस उभा राहील, आणि चढ…”

“चढ चालेल?” अधिकारी म्हणाले. “आणि दमला की बसेल का?”

पुन्हा हशा. काका, गुडघे, खाचा, सगळं त्या हशाखाली गेलं. “ठीक आहे, धन्यवाद,” अधिकारी म्हणाले. “पुढचे!”

आणि पुढचे कोण, तर साहेब. सावकाश उठले, कोटाचं बटण लावलं, सभेकडे क्षणभर नुसतं पाहिलं. “मित्रांनो, कल्पना करा,” ते म्हणाले, “अशी एक वाट, जी स्वतःच चालते.” सभागृह चिडीचूप. माणूस उभा आहे, वाट चालते आहे, म्हातारी माणसं वर पोचताहेत, सगळं तेच. खाचा मात्र नव्हत्या. शेवटी टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, “काय दूरदृष्टी आहे!”

“अहो, आत्ता आमच्या भाऊजींनी हेच तर सांगितलं!”

“छे हो, ते वेगळं, हे वेगळं.”

“काय वेगळं?”

ते बराच वेळ शोधत राहिले. मग म्हणाले, “मांडणी.”

घरी येताना माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. “केसानं गळा कापला त्या माणसानं,” मी म्हटलं. “तुमच्याच खुर्चीत बसून!” भाऊजी शांतपणे म्हणाले, “वहिनी, विचार म्हणजे काय पाकीट आहे का मारायला? त्यांनी सांगितलं म्हणून तरी होईल. काका चढतील म्हणजे झालं.” मला वाटलं, जिरलं सगळं. मग चढाच्या मध्यावर थांबले, कोट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “पण साहेबही हसले, वहिनी. रुमालानं डोळे पुसत हसले.”

एवढंच बोलले. आणि तिथून पुढे त्यांचं पुढचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी शटर वर गेलं आणि मी झाडू घेऊन वाट बघत राहिले. काही नाही. गिऱ्हाईक उठलं, टॉवेल झटकला, बाकाकडे बघून हळूच म्हणाले, “या.” नुसतं “या”! बाकावरच्यांना कळेचना, नक्की कुणी यायचं. शेजारची औषधाची रांग जागच्या जागी. पहिले दोन-तीन दिवस लोकांनी छेडलं, “काय पुढचे, आज काय होणार?” तर म्हणायचे, “पाऊस येईल बहुतेक.” असं कुणीही म्हणेल हो! त्याच्यासाठी पुढचे कशाला लागतात?

दुकानात नुसती कात्र्यांची किचकिच. आमच्या ह्यांनी तर इतकी वर्षं भावाच्या बडबडीवर हात चालवला होता, त्यांचा तालच गेला. एकाचे कल्ले खालीवर कापून बसले. मी माझ्या परीनं करून पाहिलं. मुद्दाम म्हटलं, “भाऊजी, पुढे म्हणे शिलाई मशीन बोलायला लागणार आहे.” वाटलं, आता येतील अंगावर, म्हणतील असं नाही, तसं होईल. ते म्हणाले, “बोलू दे की.” मी मशीनवर डोकं टेकून रडले. इतकी वर्षं ‘गप्प बसा’ म्हणत आले, पण हा माणूस खरंच गप्प बसला तर घरात राहायचं कसं, हे मला माहीत नव्हतं.

मध्यंतरी पालिकेची माणसं येऊन चढाच्या मधोमध लोखंडी खांबावर एक पाटी लावून गेली: ‘नियोजित चालती वाट’. खाली साहेबांचा फोटो. भाऊजींनी पाटी वाचली आणि आत येऊन वस्तऱ्याला धार लावत बसले.

मग साहेब आले. नेहमीसारखे खुर्चीत बसले, नेहमीसारखे बोलायला लागले, वाट होणार, परवानगी मिळाली, अमुक तमुक. भाऊजी मुकाट्यानं केस कापत होते. पार्टिशनमागे माझं मशीन जरा जास्तच जोरात चालत होतं. कापून झालं. भाऊजींनी रिवाजाप्रमाणे छोटा आरसा उचलून साहेबांच्या डोक्यामागे धरला. आणि साहेबांनी, सगळे करतात तसंच केलं, समोर न बघताच मान डोलावली. “छान, छान.”

मला राहवलं नाही. सुईदोरा तसाच हातात घेऊन मी बाहेर आले. “साहेब, बघितलंत का?”

“अं? हो, छान आहे.”

“नाही, तुम्ही बघितलं नाहीत. एकदा बघा तर.”

“वहिनी,” भाऊजी पुटपुटले. पण साहेबांनी बघितलं. आणि बघतच राहिले. मागे टाळूवर चांगली बशीएवढी जागा मोकळी झाली होती. “हे… हे कधीपासून आहे?”

“बरीच वर्षं झाली, साहेब.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“दर वेळी दाखवतो की,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, तेच तर वाईट. “दर वेळी आरसा धरतो. तुम्ही मान हलवता.”

बाकावर कुणी हसलं नाही. साहेबांनी मागे हात नेऊन ती जागा चाचपली. मग आरशातूनच भाऊजींकडे बघून म्हणाले, “त्या दिवशी सभेत… तो चढ. आपण इथं बोलत होतो, तोच ना? मला वाटलं, माझंच आहे ते.”

“दोघांचं होतं, साहेब.”

“आणि मी हसलो.”

“हसलात.”

“चुकलं माझं,” साहेब म्हणाले. माझा त्यांच्यावरचा राग तिथंच अर्धा उतरला, कारण खुर्चीत बसून, गळ्याला कापड बांधलेलं असताना चुकलं म्हणायला हिंमत लागते. पुढच्या सभेत तुमचं नाव घेतो, म्हणाले. भाऊजी म्हणाले, “नावाचं राहू द्या. चढ तेवढा चालवा.” साहेब गेले. मी भाऊजींच्या तोंडाकडे बघत राहिले. आता येईल आरोळी, आता येईल. त्यांनी टॉवेल झटकला आणि म्हणाले, “या.”

मला वाटलं, संपलं. साहेबांच्या माफीनंही जे परत आलं नाही, ते आता कशानं येणार?

तेवढ्यात दारात धाप लागल्याचा आवाज आला. बघतो तर ड्रायव्हरकाका! काठी एका हातात, दुसरा हात चौकटीला, शर्ट घामानं भिजलेला. हे धावले, त्यांनी काकांना धरून खुर्चीत बसवलं. मी पाणी आणलं. भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“काका! कसे आलात? कुणी आणलं?”

“कोण आणणार? तुझा चढ काही चालला नाही,” काका धापा टाकत म्हणाले, “म्हणून मीच चाललो. मध्ये त्या पाटीच्या खांबाला धरून दम खाल्ला. तेवढा तरी उपयोग झाला तिचा.”

“पण कशाला? मी येणारच होतो ना खाली!”

“तू येतोस रे. येतोस, दाढी करतोस, जातोस. तोंडातून शब्द नाही. माझी दाढी काय, मीही करू शकतो.” काकांनी पाण्याचा घोट घेतला. “चढाचं बोलून येतो म्हणाला होतास. काय बोललास ते मला कुणी सांगितलंच नाही. मी वाट बघून दमलो. बोल आता. मी ऐकायला आलोय.”

भाऊजींच्या हातात कापड होतं. ते त्यांनी काकांच्या गळ्याभोवती बांधलं, गाठ मारायला नेहमीपेक्षा वेळ लागला. मग ब्रश फिरवायला लागले आणि हळूच म्हणाले, “कडेची एक पट्टी, काका. सगळा चढ नाही.”

“हं.”

“माणूस नुसता उभा राहील.”

“आणि पावसात?” काका म्हणाले. “पावसात काय करशील? या चढावर पावसात बस घसरायची माझी.”

“खाचा!” मी पार्टिशनमागून ओरडले.

“खाचा आहेत, काका,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. “वहिनींच्या आहेत. आणि तुमच्यासाठी मध्ये बाक असेल, चालत्या पट्टीवर चालता बाक!” मग जे सुटले ते सुटलेच. हवेची छत्री आली, आवाज गिळणाऱ्या भिंती आल्या, काका हुं हुं करत होते, मधेच अडवत होते, भांडत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि एका पँटीची कंबर मी उलटीच शिवून टाकली.

दाढी झाली, केस झाले. भाऊजींनी छोटा आरसा मागे धरला. काकांनी मान डोलावली नाही. खिशातून चष्मा काढला, शर्टाला पुसला, नाकावर चढवला आणि मान डावीकडे, उजवीकडे करत सावकाश सगळं बघून घेतलं. मग चष्मा परत खिशात ठेवला.

“मागचं ठीक आहे,” काका म्हणाले. “आता पुढचं सांग.”